स्पाइक मिलिगन : नगरला जन्मलेला सोंगाड्या

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी गेल्या खेपेस भित्तिपत्रकासाठी विषय निवडला तो 'नगरने जगाला दिलेली माणसे'. यादी अपेक्षेप्रमाणे सुरू झाली. सदाशिव अमरापूरकर आले, श्रीरामपूरचा झहीर खान आला. मग एका मुलाने इंटरनेटवरून शोधून आणलेले नाव वाचले : स्पाइक मिलिगन, विनोदी नट, जन्म अहमदनगर. सभेत दोन तट पडले. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "फादर, साहेबाचं पोर ते. छावणीत जन्मलं म्हणून आपलं झालं का?" दुसरे म्हणाले, "कॅथोलिक होता ना? मग घ्या." दोन्ही युक्तिवाद आम्हांस आळशी वाटले. नटाची पारख त्याच्या जन्मगावावरून होत नाही आणि स्नानसंस्कारावरूनही होत नाही. ती त्याच्या भूमिकांवरून होते. म्हणून त्या भूमिकांकडे एकदा नीट पाहावे, असे ठरवून हा लेख लिहीत आहोत.

टेरन्स ॲलन मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी नगरला झाला. पहिले महायुद्ध अद्याप संपलेले नव्हते. नगरात तेव्हा शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी नजरकैदेची छावणीही होती आणि तीत जर्मन बोलणारे मिशनरीही अडकले होते. मिलिगनचे वडील लिओ हे आयरिश, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीस. आई फ्लॉरेन्स इंग्रज. वडिलांना रंगभूमीचा नाद होता, आई पियानो वाजवी. पुढे कुटुंब पुण्यास गेले. तेथे 'कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी'च्या धर्मभगिनींकडे मुलाचे शिक्षण सुरू झाले. त्यानंतर रंगून, तेथील ब्रदरांची शाळा आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडन. म्हणजे ज्याला 'मायदेशी परतणे' म्हणतात, ते या मुलाच्या बाबतीत पूर्वी कधी न पाहिलेल्या देशात जाणे होते. हिंदुस्थानातली मोकळी हवा, नोकरचाकर, लष्करी बँड हे सर्व सुटले आणि आग्नेय लंडनमधील साध्या वस्तीत बिऱ्हाड झाले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

मिलिगनचे नाव आमच्या कानी पडले ते पुण्यास सेमिनरीत असताना. एका वृद्ध फादरांजवळ 'द गून शो' या बी.बी.सी.च्या नभोनाट्यमालेच्या ध्वनिफिती होत्या. १९५१ ते १९६० या काळात ही माला चालली, तिचे दोनशेहून अधिक भाग झाले आणि त्यांतील बहुतेक लेखन मिलिगनने केले. हॅरी सीकोम, पीटर सेलर्स आणि मिलिगन हे तिघे, प्रारंभी मायकेल बेंटाइन चौथा. संध्याकाळच्या मोकळ्या वेळेत आम्ही चारपाच जण त्या फिती ऐकत असू. इंग्रजी निम्मे डोक्यावरून जाई. तथापि एक्लीस नावाच्या भोळसट पात्राचा घोगरा, रेंगाळणारा आवाज आला की हसू आवरत नसे. तो मिलिगनचा. मिनी बॅनिस्टर या थरथरत्या म्हातारीचा आवाजही त्याचाच आणि मोरियार्टी नावाच्या भणंग काउंटचाही. पु. लं.च्या 'बटाट्याच्या चाळी'त एकच मनुष्य रंगमंचावर सारी चाळ उभी करीत असे. येथे रंगमंचही नव्हता. नुसत्या कंठातून माणसे उभी राहत होती.

एका संध्याकाळी त्या खेळात दोन हिंदी गृहस्थ बोलू लागले. लालकाका आणि बॅनर्जी. सेलर्स आणि मिलिगन यांनी मिळून उभी केलेली ही जोडी. शब्दांवरचे ते हेलकावे, ती अघळपघळ आर्जवी इंग्रजी ऐकून आम्ही खोखो हसलो आणि मग एकएक करून गप्प झालो. कारण तो उच्चार आमचा होता. त्याच महिन्यात आमच्या वर्गाला उच्चार सुधारण्यासाठी इंग्रजीचे जादा तास लावलेले होते. वृद्ध फादरांनी काहीसे अवघडून यंत्र बंद केले. त्या दिवसापासून या नटाविषयी आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला आहे. एक्लीसला हसताना आम्हांस जे वाटले नाही, ते लालकाकांना हसताना का वाटावे? दोन्ही सोंगेच.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याच्या रंगभूमीवरील कामाकडे प्रथम वळावे लागते. नभोवाणीवरील लेखक म्हणून तो मोठा, याविषयी दुमत नाही. नट म्हणून मात्र त्याला नायकाच्या साच्यात कोणी घातले नाही आणि तो त्यात बसलाही नसता. लांब चेहरा, घाबरलेले डोळे, अंगात सतत एक प्रकारची अस्वस्थता. अशा नटाच्या वाट्याला कडेच्या भूमिका येतात. आपण त्यांना चरित्र भूमिका म्हणतो. लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये 'ट्रेझर आयलंड'मधील बेन गन त्याने प्रथम १९६१च्या सुमारास केला आणि पुढे सत्तरीच्या दशकातही त्याला त्या भूमिकेसाठी पुन्हा बोलावले गेले. बेन गन म्हणजे सोबत्यांनी ओसाड बेटावर सोडून दिलेला खलाशी. तीन वर्षे एकटा. माणसाशी बोलण्याची तहान लागलेला आणि चीजच्या तुकड्यासाठी आसुसलेला. तो प्रयोग आम्ही पाहिला नाही, पाहणे शक्यही नव्हते. परंतु सबंध नाटकात थोडाच वेळ दिसणाऱ्या पात्रासाठी एकाच नटाला इतक्या वर्षांनी पुन्हा बोलावतात, तेव्हा त्या भूमिकेचे आणि त्या माणसाचे काही नाते जुळलेले असते, असे मानावयास हरकत नाही.

'ऑब्लोमॉव्ह'ची कथा तर नाट्यशिक्षणाच्या वर्गात सांगावी अशी आहे. गोंचारॉव्हच्या रशियन कादंबरीवरील हे नाटक १९६४च्या ऑक्टोबरात हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरात आले. आळसापायी अंथरुणातच आयुष्य घालविणाऱ्या जमीनदाराची भूमिका मिलिगनकडे होती. पहिला प्रयोग पडला. गंभीर नाटकाच्या लिखित संहितेत या माणसाचा जीव गुदमरला. मग तो पदरची वाक्ये घालू लागला. उशिरा आलेल्या प्रेक्षकांची खबर घेऊ लागला, नाटकातून बाहेर पडून पुन्हा आत येऊ लागला. पडलेले नाटक उभे राहिले, नाव बदलून 'सन ऑफ ऑब्लोमॉव्ह' झाले आणि वेस्ट एंडमधील कॉमेडी थिएटरात गर्दी खेचू लागले. मराठी वाचकांना यात नवल वाटणार नाही. १९६५च्या अखेरीस वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके त्यात रोजच्या वर्तमानपत्रातील बातमी घुसवून हशा वसूल करू लागले. आमच्या जिल्ह्यातील तमाशाच्या कनाती पाहत वाढलेल्या कोणालाही बतावणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. लंडनच्या टीकाकारांना जे अपूर्व वाटले, ते आपल्याकडील सोंगाड्या पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. मात्र एक दोषही नोंदवला पाहिजे. सोंगाड्याच्या समोर त्याला झेलणारा साथीदार असतो, त्याला ती रीत ठाऊक असते. मिलिगनबरोबर उभ्या असलेल्या नटांना ती ठाऊक नव्हती. प्रेक्षक हसत असताना सहकलावंताने पुढचे वाक्य कोठून पकडावे? स्वतः पोहण्यासाठी दुसऱ्याला पाण्यात ढकलण्याचा हा प्रकार होता, असे आमचे मत आहे.

तरीही या सर्व भूमिकांत एक समान धागा दिसतो. एक्लीस मूर्ख आहे, बेन गन टाकलेला आहे, ऑब्लोमॉव्ह अंथरुणातून उठू शकत नाही. रिचर्ड लेस्टरच्या १९७३च्या 'द थ्री मस्केटीअर्स' चित्रपटातील बोनासिए हा रूपवती पत्नीचा बावळट म्हातारा नवरा आहे. या प्रत्येक ठिकाणी मिलिगन स्वतःला खाली बसवतो. हसणाऱ्याने हसावे ते त्याला. म्हणून ते हसू कोणाला लागत नाही.

आता अवघड भागाकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन ब्रिटिश तोफखान्यात साधा गोलंदाज होता. उत्तर आफ्रिकेतून तो इटलीत गेला. जानेवारी १९४४मध्ये मोंते कासीनोच्या लढाईत तो जखमी झाला. संत बेनेडिक्टच्या मठामुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. पुढच्याच महिन्यात तो मठ बाँबफेकीत जमीनदोस्त झाला. जखमेपेक्षा स्फोटाचा मनावर झालेला आघात मोठा होता आणि तो आयुष्यभर पुरला. त्याच इटलीत पुढील वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीकाठी आमच्या संगमनेर तालुक्यातील निमजच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. एकाच जिल्ह्यात जन्मलेले दोन सैनिक, एकाच राजाचे, एकाच देशात. त्यांची गाठ पडल्याचे कोठे नमूद नाही.

इंग्लंडमध्ये १९६२ साली कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट आला. राष्ट्रकुलातील देशांतून येणाऱ्या लोकांना, म्हणजे मुख्यतः वेस्ट इंडीज, भारत व पाकिस्तान येथील मजुरांना, आवरण्यासाठी हा कायदा होता. त्याचा फटका मिलिगनलाही बसला. जन्म भारतातला, वडिलांचे जन्मस्थान आता स्वतंत्र झालेल्या आयर्लंडमध्ये. ब्रिटिश पारपत्राचा त्याचा सहज हक्क गेला. राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्याने नकार दिला आणि वडिलांच्या नात्याने आयरिश नागरिकत्व घेतले. ज्या देशासाठी लढताना तो मनाने मोडला, ज्या देशाला त्याने दहा वर्षे हसविले, त्या देशात नगरच्या जन्मामुळे तो परका ठरला. आपल्या मजुरांसाठी बांधलेल्या कुंपणात हा गोरा विनोदी नटही अडकला.

याची जाणीव असलेल्या माणसाने पुढे काय करावे? १९६९च्या अखेरीस लंडन वीकएंड टेलिव्हिजनवर 'करी अँड चिप्स' ही जॉनी स्पाइटने लिहिलेली माला सुरू झाली. त्यात मिलिगनने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केव्हिन ओग्रेडी नावाच्या कारखान्यातील कामगाराची भूमिका केली. हा ओग्रेडी अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी. भोवतालचे कामगार त्याला जे शब्द लावतात, ते येथे छापण्याजोगे नाहीत. खासगी दूरचित्रवाणीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या सांगण्यावरून सहा भागांनंतर माला थांबविण्यात आली. तेवढ्याने मिलिगनचे समाधान झाले नाही. १९७५मध्ये त्याने बी.बी.सी.साठी 'द मेल्टिंग पॉट' नावाची माला सहलेखकाबरोबर लिहिली आणि तीत चोरवाटेने इंग्लंडात शिरलेल्या पाकिस्तान्याचे काम केले. सहा भाग पुढे तयार झाले, पण प्रारंभीचा नमुन्याचा एकच भाग प्रक्षेपित झाला.

या मालांच्या समर्थनार्थ सांगितले जाते की, लेखकाचा रोख गोऱ्या कामगारांच्या द्वेषावर होता. १९६८ सालीच ईनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध भाषण करून वातावरण पेटविलेले होते. त्या द्वेषाचे हसे करावे, हा हेतू. आम्ही हेतूवर शंका घेत नाही. परंतु नाटकाचा न्याय हेतूने होत नसून हशा कोठे येतो त्यावरून होतो. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांनी सत्तरीच्या दशकात काही वर्षे इंग्लंडमधील एका कारखान्यात काढली. त्यांना आम्ही या मालांविषयी विचारले. त्यांनी त्या पाहिल्या नव्हत्या. "पण फादर," ते म्हणाले, "दूरचित्रवाणीवर असलं काही लागलं की आम्हांला दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत कळायचं. सगळे आमच्यासारखं बोलून दाखवायचे." लेखकाने ज्यांचे हसे करावयाचे ठरविले होते, त्यांच्याच हाती त्याने हत्यार दिले.

आमचा आक्षेप मात्र केवळ सदभिरुचीचा नाही. तो अभिनयाच्या दृष्टीनेच आहे. केव्हिन ओग्रेडीकडे पुन्हा पाहा. नाव आयरिश, नाळ हिंदुस्थानच्या भूमीत पुरलेली, इंग्लंडात नको झालेला माणूस. हा तर स्वतः मिलिगन! त्याच्या साऱ्या कारकिर्दीत त्याच्या आयुष्याच्या इतकी जवळ असलेली भूमिका क्वचितच आली असेल. पुण्याच्या शाळेतून उचलून लंडनच्या धुरकट गल्लीत टाकलेल्या मुलाला परकेपण म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते. रंग न लावता, स्वतःच्या लांबट गोऱ्या चेहऱ्याने त्याने ही भूमिका केली असती, तर इंग्रज प्रेक्षकाला प्रश्न पडला असता की, हा आपल्यासारखा दिसणारा माणूस परका कसा? त्याऐवजी त्याने मुखवटा घातला आणि बालपणी ऐकलेला आमचा उच्चार उसना घेतला. बेन गन करताना तो आत पाहत होता. येथे तो नुसता आठवणीतील आवाज काढीत होता. लालकाकांना हसताना आम्ही गप्प का झालो, त्याचे उत्तर आम्हांस येथे सापडले. एक्लीसमध्ये मिलिगन स्वतः होता. लालकाकांच्या खुर्चीत त्याने आम्हांला बसविले होते.

अमरापूरकरांचे उदाहरण येथे घेणे अप्रस्तुत होणार नाही, कारण तेही आमच्या नगरचे. 'हँड्स अप' नाटकातले त्यांचे काम पाहून गोविंद निहलानींनी त्यांना 'अर्धसत्य'मध्ये घेतले आणि १९८३मध्ये रामा शेट्टीच्या रूपाने खलनायकीचे एक वेगळेच रूप पडद्यावर आले. आवाज न चढविणारा, खुर्चीत निवांत बसलेला गुंड. रामा शेट्टीचे दाक्षिणात्यपण हा त्यात विनोदाचा विषय नव्हता. त्या माणसाची सत्ता हा विषय होता. पुढे 'सडक'मधील महाराणी आली, तिच्यासाठी पारितोषिकही मिळाले. पण तीत तृतीयपंथीयांचे जे चित्रण झाले, त्याविषयी आज बोलावयाचे तर आम्हांस तोच प्रश्न विचारावा लागेल. परक्याच्या कातडीत शिरण्याचा मोह फक्त साहेबालाच होतो, असे नाही.

मिलिगनच्या चित्रपटांतील दोन भूमिका मात्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. पहिली १९७३च्या 'ॲडॉल्फ हिटलर : माय पार्ट इन हिज डाउनफॉल' या, त्याच्याच युद्ध-आठवणींवरील चित्रपटातील. तरुण मिलिगन जिम डेलने केला आणि मिलिगनने स्वतःच्या वडिलांची भूमिका केली. ज्या लिओने नगरच्या छावणीत या मुलाला प्रथम हातात घेतले असेल, त्या लिओची. मुलगा सैन्यात निघाला आहे आणि वडील विक्षिप्त सूचना देत आहेत. प्रसंग हास्यास्पद आहे, पण मुलाने बापाचे सोंग घेताना टोमण्याला जागा ठेवलेली नाही.

दुसरी भूमिका सांगताना आम्ही थोडे कचरतो, कारण ती 'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) या चित्रपटात आहे आणि त्या चित्रपटाने अनेक भाविकांची मने दुखावली. आमचेही काही प्रसंगांविषयी मतभेद आहेत. मिलिगन त्यात योगायोगाने आला. ट्युनिशियात जुन्या रणभूमी पाहण्यासाठी तो सुटीवर गेला असताना तेथेच चित्रीकरण चालू होते. त्याला एक किरकोळ काम देण्यात आले आणि दुपारी पुढील दृश्ये घेण्याआधी तो निघूनही गेला. पडद्यावर तो काही क्षण दिसतो. वेडावलेला जमाव धावत आहे. हा म्हातारा त्यांना थांबवून प्रार्थना सुरू करतो, काही गंभीर वचने बोलू लागतो. जमाव त्याला तसाच सोडून पळून जातो. बोलता बोलता त्याच्या ध्यानात येते की, समोर कोणीच उरलेले नाही. तो इकडेतिकडे पाहतो आणि निघून जातो. रविवारच्या दुसऱ्या मिस्साच्या वेळी प्रवचन लांबल्यावर मागच्या बाकांवरून होणारी चुळबुळ ज्याने पाहिली आहे, त्या धर्मगुरूला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. त्या काही क्षणांत मिलिगनने जे केले ते 'करी अँड चिप्स'च्या सहा भागांत त्याला साधले नाही.

त्याच्या आजाराविषयीही येथे लिहिले पाहिजे, कारण त्याने तो लपविला नाही. 'गून शो'च्या ऐन भरात, १९५२च्या अखेरीस, तो मनाने कोसळला आणि रुग्णालयात गेला. पुढे उन्माद आणि नैराश्य यांच्या लाटा आयुष्यभर येत राहिल्या. १९९३मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्याने नैराश्यावर पुस्तक लिहिले. आपल्या घरांतून अजूनही हा आजार पाहुण्यांपासून दडविला जातो. म्हणून हे धैर्य आम्हांस त्याच्या कोणत्याही भूमिकेइतके मोलाचे वाटते. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. हा शब्द आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीवरून गेला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन् महिने पडून राहणाऱ्या गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत. जुन्या लष्करी बोलीत 'डूलाली टॅप' असे म्हणत. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. लष्करी छावणीत जन्मलेल्या मिलिगनला या शब्दाने आयुष्यभर गाठावे, यात नियतीचा विनोद आहे. तो त्याला आवडला असता.

मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी ससेक्समधील राय येथे आपल्या घरी वारला. वय ८३. शवपेटीवर आयर्लंडचा ध्वज होता. इंग्लंडच्या राणीने त्याला दिलेली 'सर'की मानद होती, कारण तो परकीय नागरिक. विंचेल्सी येथे त्याचे दफन झाले. आपण आजारी आहोत हे मी तुम्हांला सांगितले होते, अशा अर्थाचे वाक्य थडग्यावर कोरावे, अशी त्याची इच्छा होती. तेथील अँग्लिकन धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत मंजूर नव्हते. अखेर तडजोड होऊन ते आयरिश भाषेत कोरले गेले. इंग्लंडच्या दफनभूमीत, शेजारच्या कोणालाही वाचता न येणाऱ्या भाषेत.

हे सर्व युवकांना सांगितले तेव्हा त्यांनी नाव ठेवायचे ठरविले. आमची अट एकच होती : रंग फासलेले छायाचित्र लावायचे असेल तर त्याखाली त्याची हकिगतही लिहावी. मुलाने शेवटी म्हातारपणीचे छायाचित्र लावले. भित्तिपत्रकाच्या तक्त्यात नाव, जन्म, कार्य आणि देश असे रकाने होते. पहिले तीन लगेच भरले. चौथ्यात त्याने 'इंग्लंड' लिहून खोडले, 'भारत' लिहून खोडले आणि 'आयर्लंड (१९६२ पासून)' असे लिहिले. "साहेबाचं पोर" म्हणणारे गृहस्थ रविवारी मिस्सानंतर त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे होते. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, '६२ च्या आधी काय लिहायचं मग?"